गोदरेजचं कपाट जिन्यातून उतरवायचं कसं? (आणि इतर टिकाऊ प्रश्न)

तिसरा_मजला

शीर्षकातला प्रश्न खराखुरा आहे. ज्यांना उत्तर माहीत आहे त्यांनी खालचं पाल्हाळ न वाचता थेट प्रतिसाद द्यावा.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. कोथरूडमधली १९८१ सालची बिल्डिंग, तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. चर्चा कितीतरी वर्षं नुसतीच चालू होती. २०१९च्या जुलैत सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या पुनर्विकासाच्या नियमावलीत संमतीची अट ५१ टक्क्यांवर आली. त्यानंतर बारातले सात गोळा करायलाही आम्हाला सहा वर्षं लागली, यावरून सभासदांचा स्वभाव लक्षात यावा. आता करार झालाय आणि दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आहे. भाड्याची जागा मिळाली आहे नवव्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक कोनाडा. त्या कोनाड्याला दलाल 'स्टडी' म्हणतो.

आठवडाभर एकच काम चाललंय, काय न्यायचं आणि काय नाही. आईचं (वय ७९) गोदरेजचं कपाट आहे, १९७४चं, तिच्या पगारवाढीतून घेतलेलं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात ते हातगाडीवरून आलं. मग १९८१ला चार हमालांनी पाठीवर घेऊन इथे तिसऱ्या मजल्यावर चढवलं. तेव्हापासून जागचं हललेलं नाही. शिवाय एक पायमशीन आहे, दोन पितळी पातेली, एक तांब्याचा बंब (पाणी तापवून निदान तीस वर्षं झाली असतील) आणि खाली पार्किंगमध्ये बाबांची चेतक स्कूटर.

भंगारवाला बघून गेला. कपाटाच्या अंगावर टिचकी मारली, दार उघडून बंद केलं आणि म्हणाला, "साहेब, माल एक नंबर आहे. पत्रा बघा, आता असा येत नाही." मी खूश. मग त्याने किलोचा भाव सांगितला. माल एक नंबर आहे हे त्याच्या काट्याला कळत नाही, त्याला फक्त किलो कळतात.

त्यातच घटस्थापनेच्या दिवसापासून, २२ सप्टेंबर २०२५ला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. पेपरात पहिलं पान कुठलं आणि जाहिरात कुठली ते कळेनासं झालं. मेहुणे फोनवर म्हणाले, "सगळं एक्स्चेंजला टाका, फ्रिजसुद्धा. आता सगळं स्वस्त झालंय." फ्रिजचं म्हणाल तर आधीचा आमच्याकडे एकवीस वर्षं चालला. त्याच्या जागी घेतलेला सहाव्या वर्षी बंद पडला. कंपनीचा मुलगा आला, मागची चौकट उघडून मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय सर, या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही." फ्रिजच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. आत दिवासुद्धा लागत होता.

तर विचारायचं असं: तुमच्या घरात सगळ्यात जास्त टिकलेली वस्तू कोणती? आणि ती का टिकली, काही अंदाज? "तेव्हा माणसं प्रामाणिक होती" हे उत्तर कृपया नको. तेव्हाची माणसं मी पाहिली आहेत, ती आमच्याच सोसायटीच्या कमिटीवर होती.

बॉबिन

शिवणयंत्र! आमचं १९६८चं आहे. सासूबाईंच्या लग्नातलं. पट्टा चार वेळा बदलला, सुया किती मोडल्या त्याला गणती नाही, पण यंत्र तेच. खंडेनवमीला दर वर्षी पुसून, तेल घालून, हळदकुंकू आणि झेंडूची माळ. माझं मत विचाराल तर ते पूजेमुळेच टिकलं. देवावर विश्वास नसला तरी चालेल, पण वर्षातून एकदा सक्तीने तेल पडतं ना!

कपाटाला दार सुटं करता येतं का ते बघा. वरचा खिळा निघतो बहुतेक.

कटकट्या

आधी एक दुरुस्ती. मेहुण्यांना सांगा, फ्रिजवर २०१८पासूनच १८ टक्के जीएसटी आहे, या वेळी त्यात काही बदल झालेला नाही. २८चे १८ झाले ते एसी, ३२ इंचांच्या वरचे टीव्ही आणि डिशवॉशर यांचे. भांडी, सायकली, शिलाई मशिनी १२ वरून ५ वर आल्या, त्याची पानभर जाहिरात मात्र मला कुठे दिसली नाही.

आता मूळ मुद्दा. हे असे धागे निघाले की सगळे जण घरात जे उरलं आहे तेच मोजतात. जे गेलं त्याची आठवण कोण काढतो? तुमच्याकडे १९७४चं कपाट आहे. १९७४ची खुर्ची कुठे आहे? छत्री? स्टोव्ह? त्या स्टोव्हचं बर्नर दर महिन्याला तुंबायचं आणि आई पिन घेऊन बसायची, हे मला लख्ख आठवतं. आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. आठवड्यातून दोनदा त्याला थापट मारावी लागायची. तो 'टिकला' कारण दुसरा घ्यायला पैसे नव्हते.

आणि चेतकचं कौतुक करण्याआधी तिची वेटिंग लिस्ट आठवा. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्यांचा नंबर लागायचा ते तीच गाडी वाढीव किमतीला विकून मोकळे व्हायचे. जी वस्तू मिळवायला आयुष्याची सात-आठ वर्षं गेली ती माणूस वीस वर्षं जपणारच. पर्याय नव्हता म्हणून जपलं, हो. त्याला टिकाऊपणा म्हणू नका.

त्या एकवीस वर्षांच्या फ्रिजने वीज किती खाल्ली ते पण मोजा एकदा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना स्टार लेबल सक्तीचं झालं ते २०१० साली. त्याच्या आधीचे कित्येक फ्रिज म्हणजे स्वयंपाकघरात पाळलेली म्हैस.

तिसरा_मजला

@कटकट्या, खुर्चीचं खरं आहे. वेताची होती, तिच्यात मी स्वतः एकदा खालपर्यंत गेलो होतो. पण पर्याय नव्हता म्हणून जपलं, इथपर्यंत मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो. जपायची इच्छा मला त्या सहा वर्षांच्या फ्रिजबद्दलही होती की! पैसेही द्यायला तयार होतो. जपू दिलं नाही.

@बॉबिन, वरचा खिळा गंजून बसलाय. तेल सोडून ठेवलंय.

मिक्सर_झिंदाबाद

धाग्यावर अजून पाटा-वरवंटा आला नाही याचं आश्चर्य वाटतंय. येईलच, म्हणून मीच आणते आणि पुरून टाकते.

पाटा ही जगातली सर्वांत टिकाऊ वस्तू आहे. काही होत नाही त्याला. गुळगुळीत झाला की "टाकीऽऽ लावायची का पाट्याला" ओरडत वडारणी यायच्या. दहा मिनिटं छिन्नी-हातोड्याचा आवाज, की पुढची दोन वर्षं निश्चिंती. निश्चिंती कोणाची, ते सांगायला नकोच. माझ्या आईचा उजवा खांदा त्या पाट्याने नेला. पाटा अजून आहे, आमच्या गावच्या घरी तुळशीपाशी. खांदा नाही.

म्हणून माझ्यासाठी टिकाऊ वस्तू म्हणजे आमचा सुमीत मिक्सर. त्याची गोष्ट छान आहे. एक इंजिनिअर, सत्यप्रकाश माथुर. बायकोकडे परदेशी मिक्सर होता. चटण्या, डाळी, ओलं खोबरं वाटता वाटता त्याची मोटर जळाली. बरोबरच आहे, तो बनवला होता फळांचे रस काढायला, त्याला इडलीचं पीठ कुठून झेपणार? मग त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटर बसवून मिक्सर काढला, १९६३ साली. वस्तू का टिकली, याचं एक उत्तर माझ्याकडे हे आहे: जिला काय वाटायचंय ते आधी विचारलं होतं.

आणि पितळी पातेल्यांबद्दल हळवं होणाऱ्या पुरुषांनी (धागाकर्ते, तुम्ही नव्हे, हलके घ्या) महिनाभर ती चिंच-मिठाने घासावीत, मग परत यावं.

सहावा_प्रतिसाद

+१ खांद्याला. घशात आलं एकदम.

कल्हईबद्दल मात्र थोडं. लहानपणी सगळ्यात भारी करमणूक ती होती. वाड्याच्या दारात खड्डा करून कोळसे, चामड्याचा भाता. पातेलं तापून लाल व्हायला आलं की नवसागराची चिमूट टाकायची, भस्सकन पांढरा धूर. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायची. काळंकुट्ट पातेलं आतून चांदीचं होऊन जायचं. लगेच बादलीत, चर्रर्र. आम्ही शाळा बुडवून बघत बसायचो.

मला वाटतं टिकण्याचा अर्थ तेव्हा वेगळा होता. कल्हई सहा महिन्यांत जायचीच, पाट्याची टाकी झिजायचीच, गादीतला कापूस दबायचाच. वस्तू बिघडणार हे गृहीत होतं आणि बिघाड दारावर येऊन दुरुस्त करणारा माणूसही गृहीत होता. पिंजारी, कल्हईवाला, चाकू-सुरीला धार लावणारा, छत्रीवाला.

कटकट्या

त्या कल्हईवाल्याला त्या धुराचे पैसे किती मिळायचे, तेही गृहीत होतं का?

कार्बन_ब्रश

बरेच दिवस वाचनमात्र होतो. या धाग्यावर लिहिणं भाग आहे, कारण माझं दुकानच ते आहे. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी, मिक्सर, पंखे, इस्त्र्या, मोटर रिवाइंडिंग. वडिलांनी सुरू केलं, मी सत्तावीस वर्षं बसतोय.

जुनं चांगलं आणि नवं वाईट असं सरसकट नाही. पण आत काय बदललं ते मी हाताने बघितलंय. मिक्सर घ्या. कार्बन ब्रश झिजतात, कपलर तुटतो, बुश सैल होतो, भांड्याच्या पात्याखालून पाणी गळायला लागतं. हे सगळे झिजायचेच भाग, पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. मोटर जळाली तर वाइंडिंग. पूर्वी तांब्याची तार असायची, काढायची, वजन करायची, त्याच नंबरची नवी भरायची. आता स्वस्तातल्या बऱ्याच मोटरींत अॅल्युमिनियमची तार येते. ती भरून देणं मला परवडत नाही आणि भरून घेणं गिऱ्हाईकाला.

दुसरी गोष्ट स्क्रूची. पूर्वी चार स्क्रू काढले की मशीन टेबलावर. आता खटक्यात बसवलेलं प्लास्टिक. एकदा उघडलं की खटका तुटतो. मला दोष लागतो, "तुम्ही मोडलंत." काही ठिकाणी तर चिकटवलेलंच असतं. आणि बोर्ड. धागाकर्त्यांच्या फ्रिजचा बोर्ड गेला असं मुलाने सांगितलं. खरंच सगळा बोर्ड गेला असेल का, मला शंका आहे. त्यावरचा एखादा कपॅसिटर नाहीतर रिले गेला असेल, वीस-तीस रुपयांचा. पण कंपनीच्या मुलाला कपॅसिटर बदलायला शिकवलेलंच नसतं, बोर्ड बदलायला शिकवतात. त्याला दिवसाच्या इतक्या कंप्लेंट संपवायच्या असतात. त्याच्यावर रागावू नका.

आता आमच्या बाजूचं. गिऱ्हाईक येतं, मिक्सर ठेवतं. मी म्हणतो साडेचारशे होतील. ते म्हणतं, "नवा दोन हजाराला येतो की, वर दोन वर्षं गॅरंटी." त्यांचंही चूक नाही. मी साडेचारशेत अर्धा दिवस बसतो. माझा मुलगा बारावीला आहे, त्याला मी या धंद्यात आणणार नाही. त्यालाही यायचं नाही. म्हणजे आमच्या दोघांचं एकमत झालेला हा एकच विषय.

केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, २०२२च्या डिसेंबरात. मी जाऊन बघितलं. कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची, वॉरंटीची, सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळते. चांगलं आहे. पण सुटा भाग माझ्यासारख्या सुट्या माणसाला विकायलाच पाहिजे असं अजून कायद्याने कोणावर बंधन नाही.

कपाटाचं विचारलंत. आडवं करू नका, आत पत्रा वाकला तर दार कधीच नीट लागणार नाही. कप्पे काढा, दारं काढा, सांगाडा उभाच ठेवून दोन पट्ट्यांवर घ्या. खालच्या माणसाची उंची वरच्यापेक्षा जास्त पाहिजे.

सहावा_प्रतिसाद

साष्टांग. वाचनखूण साठवली आहे.

श्टुटगार्टकर

वरचा प्रतिसाद वाचून इथलं, जर्मनीतलं सांगावंसं वाटलं. इथे महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये 'रिपेअर कॅफे' भरतो. २००९ला अॅमस्टरडॅममध्ये पहिला झाला, आता गावोगावी आहेत. आपण बिघडलेला टोस्टर घेऊन जायचं, एखादे निवृत्त आजोबा भिंग लावून बसलेले असतात. ते तुमच्याकडूनच स्क्रू काढून घेतात, सोबत कॉफी-केक. पैसे नाहीत, खुशीने डब्यात टाका.

पहिल्यांदा गेलो तेव्हा भारावून गेलो होतो. मग कळलं की हे असं फुकट चालवावं लागतं, कारण इथे कारागिराच्या एका तासात दोन टोस्टर येतात. दुकान लावून टोस्टर दुरुस्त करणारा इथे केव्हाच संपला. म्हणजे आपल्याकडे कार्बन_ब्रश यांना परवडत नाही म्हणून दुरुस्ती बंद पडतेय, इथे कोणालाच परवडत नव्हती म्हणून कधीच बंद पडली, आणि आता कायद्याने परत आणायचा खटाटोप चाललाय. फ्रान्सने २०२१पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन वगैरेंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपियन युनियनचा दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश २०२४ला मंजूर झालाय, त्याच्या अंमलाची तारीख २०२६ची जुलैअखेर.

माझी टिकाऊ वस्तू: बाबांचं एचएमटी घड्याळ, चावीचं. रोज सकाळी चावी द्यावी लागते. बंगळूरला जपानी सिटिझनच्या मदतीने १९६१मध्ये हा कारखाना निघाला, आणि २०१६ला सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. कंपनी गेली, घड्याळ चालू आहे. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, पण साडेतीन तास मागे असलेल्या देशात ते चालून जातं.

प्लगमध्ये_कचरा

चेतकवाले आहेत का इथे? मी आहे. १९८९ची. अजून दर रविवारी भाजीला जाते. दोन किका, तिसऱ्याला चालू. थंडीत गाडी अंगावर वाकवायची, मग किक. आमच्या घरात ही क्रिया बायकोला जमते, मुलाला नाही.

सध्या दोन प्रश्न. एक, उच्च सुरक्षा नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे. २०२५मध्ये तिची मुदत वाढत वाढत गेली. मी बुकिंग केलं, गेलो, तर तिथला मुलगा गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "काका, हिचा चेसिस नंबर कुठे असतो?" मग मीच खाली वाकून दाखवला. आता गाडीची किंमत काय आणि प्लेट काय, विचारू नका. छत्तीस वर्षांच्या म्हातारीला नवीन कुंकू लावल्यासारखं दिसतंय. पण देखणं दिसतंय, खोटं कशाला बोला.

दुसरं, ई-२०. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये खुलासा केला की मायलेजमध्ये किरकोळ घट होते आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गास्केटं वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात. माझी मुख्यतः रविवारी सहा किलोमीटर चालते. तीस हजार व्हायला शंभर वर्षांच्या आसपास लागतील :) पण महिनाभर उभी राहिली तर त्रास होतो, इथेनॉल पाणी ओढतं. मी टाकी भरून ठेवत नाही, दोन लिटरच टाकतो. पंपावर विचारलं, "जुनं साधं पेट्रोल मिळेल का?" तर तो हसला.

धागाकर्ते, तुमची चेतक विकायची असेल तर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भंगारात गेली तर पाप लागेल.

उसाचा_माणूस

ई-२०ला शिव्या देताना थोडं इकडे बघा. आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कारखान्याला इथेनॉलचा आधार झाला म्हणून उसाची बिलं वेळेवर यायला लागली होती. मग २०२३च्या डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा आणल्या, साखर कमी पडेल म्हणून, आणि कारखान्यांचे हिशेब पुन्हा कोलमडले. तुमच्या गास्केटाची काळजी आहेच, पण त्या वीस टक्क्यांत कोणाच्या तरी मुलीचं लग्न पण असतं.

प्लगमध्ये_कचरा

मान्य दादा. गास्केट दीडशे रुपयांचं आहे. मुलीच्या लग्नाला बोलवा.

निळा_पडदा

लहानसा मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२५ ही विंडोज १०च्या आधाराची (म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या फुकट अपडेट्सची) शेवटची तारीख. माझा संगणक २०१५चा, एकदम ठणठणीत. पण विंडोज ११ त्यावर बसत नाही, प्रोसेसर जुना म्हणून. वस्तू न बिघडता म्हातारी ठरवली गेली, हा प्रकार पाट्या-वरवंट्याच्या काळात नव्हता, एवढंच. (लिनक्स टाका असं सांगायला येणाऱ्यांसाठी: टाकतोय.)

सीनाकाठ

लिहू की नको असं चाललं होतं.

माझं माहेर माढा तालुक्यात, सीना नदीपासून जवळ. गेल्या आठवड्यात पाणी घरात शिरलं. रात्रीचं आलं. भावाने आईला आणि दोन शेरडांना घेऊन शाळेवर काढलं, बाकी जागचं जागी. मी परवा जाऊन आले. गुडघ्याएवढा चिखल, आणि त्याला एक वास असतो, तो सांगता येत नाही.

टीव्ही गेला, फ्रिज गेला, कूलर, पिठाची चक्की, पाण्याची मोटर. गाद्या उचलवत नव्हत्या इतक्या जड झाल्या होत्या. पोती भरून ज्वारी होती, तिला मोड आलेत. मुलांची वह्या-पुस्तकं. कागदपत्रं लोखंडी पेटीत होती, पेटीला काही झालं नाही, आत पाणी गेलं. सातबारा मिळेल परत, फोटो मिळणार नाहीत.

उरलं काय म्हणाल, तर भांडी. पितळी घागर ओढ्याकडेच्या बाभळीत अडकलेली सापडली, दीड फर्लांगावर. जातं जागचं हललं नव्हतं. पाटा पण. आईने पहिल्यांदा काय केलं तर पाटा धुतला. शेजारच्या घरातून तिखट आलं होतं, मीठ पंचायतीत वाटत होते, लसूण कोणी दिला माहीत नाही. लाईट नव्हतीच. त्या पाट्यावर तिने चटणी वाटली.

मिक्सर_झिंदाबाद ताई, तुमचं खांद्याचं वाचलं. माझ्या आईचाही दुखतो. तुम्ही म्हणता ते खरंच आहे. हेही तसंच झालं, म्हणून लिहिलं.

मिक्सर_झिंदाबाद

सीनाकाठ, व्यनि केलाय. उत्तर द्या प्लीज. घरी काय काय लागतंय ते सांगा.

पाट्याबद्दलचे माझे शब्द मागे घेत नाही. पण आज तो तुमच्या आईच्या उपयोगी पडला याचा आनंद आहे.

कार्बन_ब्रश

सीनाकाठ ताई, मोटर आणि चक्की टाकून देऊ नका. भंगारवाले गावात फिरायला लागले असतील, पडेल भावाने उचलतील. पुराचं पाणी गेलेली मोटर बऱ्याचदा वाचते. चालू मात्र करू नका, बटण लावून बघितलं की संपलं. खोलायची, गोड्या पाण्याने चिखल धुवायचा, आठ दिवस उन्हात वाळवायची, मग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) चेक करून, लागलं तर वार्निश. बेअरिंगं बदलावी लागतील. २०१९ला आमच्याकडे कृष्णेचं पाणी आलं तेव्हा दुकानापुढे मोटरींची रांग लागली होती, निम्म्याच्या वर वाचवल्या. तुमच्याकडच्या कोणी माणसाला शंका असेल तर माझ्याशी बोलू दे. मजुरीचं नंतर बघू.

कटकट्या

सीनाकाठ, मीही व्यनि केला आहे.

बाकी माझं मत तेच आहे.

बॉबिन

उद्या खंडेनवमी. मशीन पुसायला घेतलं. कटकट्या, तुम्ही पण काहीतरी पुसा.

तिसरा_मजला

उशिरा येतोय, क्षमस्व. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुहूर्त साधला. चेतकचा प्रश्न सुटला, @प्लगमध्ये_कचरा परवा येऊन घेऊन जातायत. बाबांची गाडी मी पैसे घेऊन विकणार नाही, असं आईने जाहीर केल्यामुळे व्यवहार एक किलो चिरोट्यांवर ठरलाय.

कपाट उतरलं. कार्बन_ब्रश यांनी सांगितल्याप्रमाणेच केलं, सांगाडा उभा, पट्ट्यांवर, उंच माणूस खाली. दुसऱ्या मजल्यावर एकांनी जिन्यात लोखंडी ग्रिल बसवून घेतलंय, तिथे अडीच इंच कमी पडत होते. एरवी त्या ग्रिलवरून आमच्याकडे दोन वार्षिक सभा उधळल्या गेल्यात. या वेळी ते स्वतः पाना घेऊन आले आणि ग्रिल काढलं. आता पाडायचीच आहे ना बिल्डिंग, म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांत आमचं पहिल्यांदाच काहीतरी एकत्र उतरलं.

कपाटाच्या जागी भिंतीवर मूळ रंग निघाला, फिकट पिस्ता. मला आठवतच नव्हता. खाली एक चमचा, दोन दहा पैसे आणि माझं चौथीचं प्रगतिपुस्तक, जे 'हरवलं' होतं.

आता खरी गंमत. खाली टेम्पोपाशी कपाट उभं केलं तेव्हा पाठ पहिल्यांदा उजेडात आली. वरच्या कोपऱ्यात पितळेची छोटी पट्टी, दोन रंगांखाली दबलेली. मुलाने नखाने खरवडली. गोदरेजचं नव्हे ते. बुधवार पेठेतल्या कुठल्याशा फॅब्रिकेशनवाल्याचं नाव आहे, निम्मं झिजलेलं, आणि टेलिफोन नंबर पाच आकडी.

पन्नास वर्षं आम्ही त्याला 'गोदरेज' म्हणतोय. "गोदरेजमधली पांढरी साडी काढ", "गोदरेजची किल्ली कुठाय". भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या बारा लाखांवर मतपेट्या त्याच गोदरेजने विक्रोळीत बनवल्या होत्या, हे मी मुलाला या कपाटाकडे बोट दाखवून सांगितलेलं आहे.

वर जाऊन आईला सांगितलं. ती देव्हाऱ्यातली भांडी कागदात गुंडाळत होती. म्हणाली, "मग? मला माहितीये. गोदरेज परवडत होतं कुठे तेव्हा? तुझे बाबा आणि मी दोघं जाऊन पत्रा निवडून आलो होतो. हप्त्याने दिलं त्याने."

मी म्हटलं, अगं मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तू विचारलंस कधी? आणि ती किल्ली घे इकडे, टेम्पोवाल्याकडे ठेवू नकोस."